बीडीडी चाळीच्या १८०० फायली: मार्कडाउनमध्ये नोंद कशी लिहायची आणि प्रीव्ह्यू कसा पाहायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतल्या काही तरुणांनी इमारत रिकामी होण्याआधी घराघरांतून जुने फोटो, भाडेपावत्या, गिरणीचे गेटपास, उत्सव मंडळाचे जमाखर्च आणि वयस्कर रहिवाशांच्या आवाजातल्या आठवणी गोळा केल्या. सगळं मिळून सुमारे १८०० फायली एका हार्ड डिस्कवर आहेत. एक्सेलमध्ये यादी सुरू केली, पण तिघांच्या लॅपटॉपवर तिच्या तीन वेगळ्या प्रती झाल्या. आता नोंदी मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या मजकुरातच मथळे, लिंका, ठळक शब्द यांच्या खुणा लिहिण्याच्या पद्धतीत, ठेवायचं ठरलं आहे. प्रत्येक फाइलची नोंद कशी लिहायची, आणि नोंद वाचताना ती फाइल डोळ्यांसमोर कशी यावी, हे त्यांनी विचारलं आहे.

बाकीचं उत्तर ज्यावर उभं आहे ते आधी सांगतो. नोंद साध्या मजकुराच्या फाइलीत लिहा. ज्या वस्तूबद्दल ती आहे, त्या वस्तूच्याच फोल्डरमध्ये ती ठेवा. आणि प्रीव्ह्यूमध्ये, म्हणजे टूल त्या खुणांवरून जे सजवलेलं पान दाखवतं त्यात, जे दिसतं ते या मजकुरातून कधीही पुन्हा तयार करता येईल, इतकंच त्याला महत्त्व द्या. मी सतरा वर्षं अंधेरीत सॉफ्टवेअरची मॅन्युअलं लिहितो आहे. बिघडलेली जी कामं माझ्याकडे दुरुस्तीला आली, त्यांतली बहुतेक याच्या उलट केल्यामुळे बिघडली होती. प्रीव्ह्यू छान दिसावा म्हणून कोणीतरी मजकूर वाकवलेला असतो. मग टूल बदलतं आणि मजकूरही वाचण्यासारखा उरत नाही.

मार्कडाउन निवडलंत ते योग्यच केलंत. जॉन ग्रुबर यांनी २००४ साली ते आणलं तेव्हा मुख्य अट अशी होती की कुठलीही प्रक्रिया न करता, कच्चा मजकूरही माणसाला सहज वाचता यावा. तुमच्या कामाला हीच अट लागू आहे. वीस वर्षांनी ही डिस्क उघडणाऱ्याकडे आजचं कुठलंही ॲप नसेल, पण साधा मजकूर उघडणारं काहीतरी नक्की असेल. रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट आणि ॲस्कीडॉक या भाषा जास्त ताकदीच्या आहेत. दुसऱ्या फाइलीचा मजकूर किंवा तक्ता मधेच आणून बसवण्याची सोय त्यांत मुळापासून आहे, मार्कडाउनमध्ये ती नाही. उद्या या साहित्याचं पुस्तक करायचं ठरलं तर मी ॲस्कीडॉकचा विचार करीन. आज मात्र तुमच्या गटातल्या ज्याने कधी कोड लिहिलेला नाही, त्यालाही अर्ध्या तासात शिकता येईल अशी भाषा हवी, आणि ती मार्कडाउनच. एखाद्या ॲपची स्वतःची खास चिन्हं मात्र नोंदीत येऊ देऊ नका. ऑब्सिडियन या नोंदींच्या ॲपमध्ये उद्गारचिन्ह देऊन पुढे दुहेरी चौकटी कंसात फाइलचं नाव टाकलं की फोटो, पीडीएफ, ध्वनिफीत सगळं तिथल्या तिथे दिसतं. फार मोहात पाडणारी सोय आहे ती, पण त्या ॲपबाहेर तो कंस नुसता कंसच राहतो.

आता १८०० फायली म्हणजे १८०० नोंदी, असं समजू नका. इथेच बहुतेक गट थकतात आणि काम सोडतात. नोंद फाइलची नसते, वस्तूची असते. चोवीस पानांचं पावतीपुस्तक स्कॅन केलं तर फायली चोवीस, नोंद एक. लग्नाच्या एका अल्बममधले चाळीस फोटो म्हणजे एक नोंद, आणि त्यात फोटोगणिक एक ओळ. अशी गाठोडी बांधलीत की आकडा काही शेकड्यांवर येईल आणि तो माणसांना झेपेल.

फोल्डर विषयाप्रमाणे करू नका. ‘उत्सव’, ‘गिरणी’, ‘लग्नं’ अशी वाटणी पहिल्या आठवड्यात सोपी वाटते, मग संपाच्या काळात गिरणी कामगारांनी साजरा केलेला गणपती कुठे ठेवायचा यावर भांडण होतं. वस्तू ज्या घरातून आली त्या घराचं फोल्डर करा. तुमच्या इमारतीत तळमजला धरून चार मजले, मजल्याला वीस खोल्या, अशा ८० खोल्या. मांडणी आयतीच मिळाली आहे, इमारतच तुमचं कपाट आहे. अभिलेखागारांतही मूळ धन्याप्रमाणेच कागद ठेवतात, कारण १६० चौरस फुटांच्या एका खोलीत पावती, गेटपास आणि लग्नाचा फोटो एकत्र होते ही माहितीही त्या कागदांइतकीच मोलाची असते. विषय नोंदीत लिहा, शोधताना तिथून सापडतील. प्रत्येक खोलीच्या फोल्डरमध्ये तीन गोष्टी असू द्या: ‘मूळ’ नावाचं फोल्डर, त्याला कोणी हात लावायचा नाही, ‘लघु’ नावाचं फोल्डर, त्यात दाखवण्यापुरत्या छोट्या प्रती, आणि नोंदींच्या मार्कडाउन फायली.

फाइलींच्या नावांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण प्रीव्ह्यू न दिसण्याच्या तक्रारी मी सर्वांत जास्त इथेच पाहिल्या आहेत. मूळ फायलींची आणि फोल्डरांची नावं रोमन अक्षरांत, सगळी लहान लिपीत, मध्ये जागा न सोडता, आडवी रेघ वापरून द्या. या उत्तरात मी ती देवनागरीत लिहितो आहे ती फक्त वाचायला सोपं जावं म्हणून. मराठीचा आग्रह मलाही आहे, पण तो मजकुरात धरतो. याचं कारण ‘ऱ’ या एका अक्षरात सापडतं. ‘पायऱ्या’ हा शब्द संगणकात किमान तीन प्रकारे साठवला जाऊ शकतो: ऱ हे एकच अक्षर म्हणून, र आणि खालचा नुक्ता अशी दोन अक्षरं म्हणून, किंवा काही कीबोर्डांवर र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह म्हणून. डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतात. संगणकाला ती वेगळी नावं वाटतात. मॅकवरून विंडोजवर आणि तिथून लिनक्स सर्व्हरवर जाताना कधी यातलं एक रूप दुसऱ्यात बदलतं, आणि मग नोंदीतली लिंक तुटते. फाइल तिथेच असते, नावही तेच दिसतं, फोटो मात्र येत नाही. एकदा अशा लिंकमागे मी पूर्ण दुपार घालवली आहे. शिवाय देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटांचं असतं. ज्या डिस्कवर नावाची मर्यादा २५५ बाइटांची आहे, तिथे ८५ चिन्हांतच ती संपते. मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे त्यात मोजले जातात.

नावात जागा सोडली तर साध्या मार्कडाउनमध्ये लिंक तिथेच मोडते. व्हॉट्सॲपवरून उतरवलेल्या फायलींच्या नावांत जागाही असतात आणि कंसही. त्या आधी बदलून घ्या. विस्तार, म्हणजे नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी jpg, pdf अशी अक्षरं, मोठ्या लिपीतला (कॅपिटल) की लहान, हेही पाहा. विंडोजला आणि मॅकला सहसा फरक पडत नाही, लिनक्सला पडतो. माझ्या एका कामात दोनशे चित्रांचं मॅन्युअल माझ्या लॅपटॉपवर अगदी नीट दिसत होतं, ग्राहकाच्या सर्व्हरवर चढवल्यावर त्यातली निम्मी चित्रं गायब. कॅमेऱ्याने विस्तार मोठ्या अक्षरांत दिला होता, मी लिंकमध्ये लहान अक्षरांत लिहिला होता. तेव्हापासून फाइल मिळाली की आधी नाव लहान लिपीत करतो आणि मगच ती उघडतो.

व्हॉट्सॲपचं नाव निघालंच आहे म्हणून सांगतो: फोटो ‘फोटो’ म्हणून मागवू नका, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. नाहीतर ते दाबून लहान केले जातात आणि फोटो कधी काढला ही आत दडलेली माहितीही जाते.

नोंदीच्या माथ्यावर तीन आडव्या रेघांमध्ये थोडी ठरावीक माहिती लिहायची रीत आहे, तिला फ्रंट मॅटर म्हणतात. जेकिल या टूलमुळे ती रूढ झाली आणि आता बहुतेक टूलांना समजते. तुमच्यासाठी एवढी पुरेल:

```
---
title: "भाडेपावत्या, दुसरा मजला"
lang: "mr"
वस्तू: "पावतीपुस्तक, २४ पानं"
तारीख: "वर्ष-महिना-दिवस"
कोणाकडून: "कुटुंब क्रमांक ३२"
कोणी नोंदवलं: "आद्याक्षरं"
परवानगी: "फक्त रहिवाशांना"
---
```

मुद्द्यांची नावं मराठीत चालतात, टूलांची काही हरकत नसते. अपवाद शीर्षक (title) आणि भाषा (lang) या दोन मुद्द्यांचा. ती नावं टूलं इंग्रजीतच शोधतात, म्हणून तेवढी दोन इंग्रजीत ठेवा. तारीख मात्र इंग्रजी अंकांत, वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, अशी लिहा, म्हणजे क्रम आपोआप लागेल. वाचकासाठी तीच तारीख खाली मजकुरात मराठी अंकांत येऊ द्या. नक्की दिवस माहीत नसेल तर फक्त वर्ष लिहा. अंदाज असेल तर अंदाज आहे असं लिहा आणि तो कशावरून बांधला तेही लिहा: भिंतीवरचं कॅलेंडर, मागे दिसणारी ट्राम, बाळाचं आजचं वय.

इथे मराठी टायपिंगची एक खास खोड आडवी येते. मुद्द्यापुढचं चिन्ह अपूर्णविराम असायला हवं. मराठी कीबोर्डवर बोट चुकून विसर्गावर जातं आणि ‘तारीखः’ असं उमटतं. दोन्ही टिंबं सारखीच दिसतात, पण संगणकाला मुद्दा कुठे संपला ते कळत नाही आणि अख्खं फ्रंट मॅटर नापास होतं. याच्या उलट ‘दुःख’ लिहिताना विसर्गाच्या जागी अपूर्णविराम पडतो. त्याने प्रीव्ह्यू बिघडत नाही, पण शोधताना तो शब्द सापडत नाही. मुद्द्यापुढची माहिती नेहमी दुहेरी अवतरणात टाका, म्हणजे शीर्षकात अपूर्णविराम आला तरी गोंधळ होणार नाही.

फ्रंट मॅटरच्या खाली खरी नोंद. इथे हात आखडता घेऊ नका. कागद कसा आहे, कुठे फाटला आहे, मागच्या बाजूला काय लिहिलं आहे, देणाऱ्याने देताना काय सांगितलं, हे सगळं लिहा. फोटोत कोण आहे ते डावीकडून उजवीकडे लिहा आणि ज्याची ओळख पटली नाही त्याचीही जागा सोडू नका: ‘चौथा, टोपी घातलेला, ओळख पटलेली नाही’. हे वाक्य नसेल तर पुढच्या माणसाला कळणारच नाही की चौथा माणूस तुम्ही विसरलात की ओळखला नाहीत.

मार्कडाउनमध्ये चित्र टाकताना चौकटी कंसात जो मजकूर लिहितात तो बहुतेक जण रिकामा सोडतात. तो भरा. चित्र उघडलं नाही तर तिथे तेवढंच दिसतं, आणि ज्यांना दिसत नाही त्यांना स्क्रीन रीडर तेच वाचून दाखवतो. ‘फोटो’ असं लिहून काही सांगितलं जात नाही. ‘गॅलरीत पाट मांडून बसलेल्या पाच बायका, मधल्या दोघी पापड लाटत आहेत’ असं लिहिलं की फोटो न पाहताही कळतो.

आता प्रीव्ह्यूकडे वळतो. ब्राउझरला जे दाखवता येतं तेच प्रीव्ह्यूत दिसतं, एवढं लक्षात ठेवलंत की निम्मी कोडी सुटतात. जेपीजी आणि पीएनजी कुठेही दिसतात. आयफोनचे एचईआयसी फोटो आणि स्कॅनरचे टिफ यांतलं काही सफारी दाखवेल, क्रोम आणि फायरफॉक्स दाखवणार नाहीत. म्हणून मूळ टिफ ‘मूळ’ फोल्डरमध्ये सांभाळा आणि त्याची ८०० पिक्सेल रुंदीची जेपीजी प्रत ‘लघु’मध्ये बनवा. इमेजमॅजिक हे मोफत टूल एका आदेशात अख्ख्या फोल्डरच्या प्रती काढून देतं. हे हाताने करू नका. हाताने केलेली थंबनेलं पुन्हा करायची वेळ आली की कोणी करत नाही. छोटी प्रत आणखी एका कारणासाठी लागते: मूळ मार्कडाउनमध्ये चित्राची रुंदी सांगायची सोयच नाही, आणि तुमचे वाचक लोकलमध्ये उभ्या उभ्या मोबाइलवर वाचणार आहेत. तीस एमबीचा स्कॅन परळ ते दादरमध्ये उघडत नाही.

छोटं चित्र दिसावं आणि त्यावर बोट ठेवलं की मूळ फाइल उघडावी, यासाठी चित्राला लिंकच्या आत बसवायचं:

```
[![भाडेपावतीचं पहिलं पान](लघु/पावती-पान-१.jpg)](मूळ/पावतीपुस्तक.pdf)
```

आतला भाग चित्राचा, बाहेरचा लिंकचा. कंस मोजून पाहा, सुरुवातीला एक हमखास सुटतो. रस्ता नेहमी त्या नोंदीपासूनचा लिहा, डिस्कच्या नावापासूनचा नको. मग फोल्डर पेनड्राइव्हवर जावो की सर्व्हरवर, लिंका बरोबर जातात.

पीडीएफसाठी हीच युक्ती वापरायची. चित्राच्या चिन्हात पीडीएफ टाकली तर बहुतेक ठिकाणी तुटक्या चित्राची खूण दिसते. पॉपलरमधल्या पीडीएफटूपीपीएम या टूलने पहिल्या पानाचं चित्र काढा आणि ते वरच्यासारखं लिंकमध्ये बसवा. वाचकाला आत काय आहे ते दिसतं आणि हवं असेल तरच पूर्ण पीडीएफ उतरते.

ध्वनिफितींना मार्कडाउनमध्ये स्वतःचं चिन्ह नाही. एचटीएमएलचा ऑडिओ टॅग लिहिता येतो, पण गिटहब, म्हणजे फायली ऑनलाइन ठेवून दाखवणारी साइट, तो सुरक्षेसाठी काढून टाकते. मी साधी लिंक देतो आणि तिच्याखाली वेळेसकट मजकूर लिहितो: बाराव्या मिनिटाला नळावरची रांग, एकोणिसाव्या मिनिटाला १९८२च्या संपातले दिवस, असं. या ओळी हाच ध्वनिफितीचा प्रीव्ह्यू. चाळीस मिनिटांची फीत पूर्ण ऐकायला कोणाकडे वेळ नसतो, पण ही चार वाक्यं वाचून माणूस बरोबर त्या मिनिटाला जातो. साध्या स्टिरिओ वेव्ह फाइलीला मिनिटाला सुमारे दहा एमबी लागतात, म्हणजे चाळीस मिनिटांना चारशे. म्हणून मूळ वेव्ह जपून ठेवा आणि ऐकायला एमपी३ द्या.

मंडळाचे जमाखर्च सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीत, ठेवा. गिटहब ते थेट तक्ता म्हणून दाखवतं. एक्सेलमधून साठवताना यादीतला ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच पर्याय निवडा, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग मिळेल. आणि मार्कडाउनमध्ये हाताने उभ्या रेघा टाकून मोठे तक्ते करत बसू नका. देवनागरी अक्षरांची रुंदी सारखी नसल्याने एडिटरमध्ये स्तंभ कधीच एका ओळीत येत नाहीत. प्रीव्ह्यूला त्याचं काही वाटत नाही, पण कच्चा मजकूर वाचवत नाही, आणि तो वाचता यावा म्हणून तर आपण मार्कडाउन घेतलं.

जुन्या स्मरणिका श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा फाँटांत टाइप केलेल्या असतील, तर तो मजकूर नोंदीत चिकटवल्यावर निरर्थक चिन्हं दिसतील. त्यात प्रीव्ह्यूचा दोष नसतो. मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा.

प्रीव्ह्यू कुठे पाहायचा? रोजच्या कामाला व्हीएस कोड हा मोफत एडिटर पुरेसा आहे. कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबलं की प्रीव्ह्यू उघडतो. कंट्रोल-के दाबून बोटं उचलली आणि मग व्ही दाबलं तर तो मजकुराच्या शेजारी येतो आणि टाइप करता करता बदलतो. त्याच्या सेटिंगमध्ये मार्कडाउनच्या लिंका तपासण्याचा पर्याय आहे, तो आजच सुरू करा. नसलेल्या फाइलीकडे जाणारी लिंक तो तिथल्या तिथे अधोरेखित करतो. फाइल हलवली तर लिंका बदलून देण्याचाही पर्याय तिथेच आहे.

पण एडिटरमध्ये दिसलं म्हणजे सगळीकडे तसंच दिसेल, असं समजू नका. ग्रुबर यांच्या मूळ वर्णनात बऱ्याच गोष्टी मोघम होत्या, त्यामुळे प्रत्येक टूलने आपापला अर्थ लावला. २०१४ साली कॉमनमार्क नावाचा नेमका नियमसंच आला, २०१७ साली गिटहबने त्यावर बेतलेला आपला नियमसंच जाहीर केला, तरी पायथॉन-मार्कडाउनसारखी जुनी टूलं स्वतःच्या वाटेने चालतात. म्हणून वाचक जिथे वाचणार तिथला प्रीव्ह्यू शेवटी पाहायलाच हवा. मराठीत लिहिणाऱ्याला तर हे जास्तच लागू आहे, कारण हे नियम करताना मराठीचे प्रत्यय कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हते.

उदाहरणार्थ, ‘मुंबईला’ या शब्दातलं फक्त ‘मुंबई’ ठळक करायचं आहे. दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे दिले तर कॉमनमार्कमध्ये ते होतं. ताऱ्यांऐवजी अधोरेखा वापरली तर होत नाही, कारण अधोरेखेला लागून अक्षर आलं की ती शब्दाच्या मधली समजली जाते. आपला प्रत्यय नेहमीच लागून येतो. म्हणून मराठीत तारेच वापरा. त्यातही अवतरणात किंवा कंसात असलेला शब्द ठळक करून प्रत्यय जोडला की तारे जसेच्या तसे दिसतात:

```
**मुंबई**ला      ठळक होतं
__मुंबई__ला      होत नाही
**"मुंबई"**ला    होत नाही
"**मुंबई**"ला    होतं
```

म्हणजे अवतरण ताऱ्यांच्या बाहेर ठेवायचं. याचा नियम लांबलचक आहे, तुम्हाला एवढं पुरे.

अंकांचंही असंच आहे. ओळीच्या सुरुवातीला मराठी ‘१.’ लिहिलंत तर कॉमनमार्क त्याला क्रमांकित यादी मानत नाही, त्याला इंग्रजी अंकच लागतो. यादी इंग्रजी अंकांनी लिहा आणि पानाच्या सीएसएसमध्ये, म्हणजे पान कसं दिसावं ते सांगणाऱ्या फाइलीत, यादीचा प्रकार देवनागरी ठेवा, वाचकाला मराठी अंक दिसतील. याच नियमामुळे इंग्रजी अंकांत साल आणि पुढे टिंब देऊन परिच्छेद सुरू केला की त्या सालाची यादी तयार होते. मराठी अंकांत लिहिणाऱ्याला हा त्रास नाही.

मथळ्यांच्या लिंका हा तिसरा मुद्दा. गिटहब मराठी मथळ्यापासून मराठीच लिंक बनवतं. मार्कडाउनपासून साइट बनवणारं एमकेडॉक्स ज्यावर चालतं ते पायथॉन-मार्कडाउन मूळ सेटिंगमध्ये देवनागरी अक्षरं गाळून टाकतं, आणि हाती राहतात अधोरेखेपुढचे नुसते आकडे: एक, दोन, तीन. मध्ये एक मथळा वाढवला की पुढचे सगळे आकडे सरकतात आणि आधी दिलेल्या लिंका भलत्याच जागी जातात. अनुक्रमणिकेच्या सेटिंगमध्ये स्लगिफायचा (मथळ्यापासून लिंक बनवण्याच्या नियमाचा) युनिकोड पर्याय निवडला की हे थांबतं. साइट लोकांना देण्याआधी निवडा, नंतर निवडलात तर जुन्या लिंका मोडतील.

किरकोळ दोन: वर्डमधून चिकटवलेल्या परिच्छेदाच्या आधी चार जागा राहिल्या तर तो कोड म्हणून करड्या चौकटीत दिसतो, आणि पत्त्याच्या ओळी एकमेकींना चिकटत असतील तर प्रत्येक ओळीच्या शेवटी उलटी तिरकी रेघ द्या. दोन जागा सोडूनही ओळ तुटते, पण त्या जागा डोळ्यांना दिसत नाहीत आणि कोणीतरी साफसफाई म्हणून पुसतोच.

छापील प्रत हवी असेल तर पॅनडॉक वापरा. जॉन मॅकफार्लेन यांचं हे टूल २००६पासून चालू आहे आणि मी त्याच्यावर रोज विसंबतो. पीडीएफ काढताना इंजिन झीलेटेक निवडा आणि देवनागरी फाँटचं नाव स्पष्ट सांगा. मूळ सेटिंगचं पीडीएफलेटेक देवनागरीवर अडतं. फाँटसाठी मी मुक्ता वापरतो. मुंबईच्याच एक टाइप या गटाने तो केला आहे, मोफत आहे, आणि लहान आकारातही जोडाक्षरं तुंबत नाहीत. फ्रंट मॅटरमध्ये भाषा मराठी आहे हे तिच्या दोन अक्षरी खुणेने नोंदवा. ज्या फाँटांत सोय आहे त्यांत मग ल आणि श मराठी वळणाचे येतात, आणि स्क्रीन रीडरलाही कुठल्या भाषेत वाचायचं ते कळतं.

तिघांच्या तीन याद्या होण्यावर उपाय म्हणजे गिट, फायलींतला प्रत्येक बदल नोंदवून सगळ्यांच्या प्रती जुळवणारं टूल. नोंदी आणि ‘लघु’ प्रती त्यात ठेवा, ‘मूळ’ बाहेर ठेवा. गिटहब १०० एमबीपेक्षा मोठी फाइल घेतच नाही, आणि मूळ फायली बदलायच्याच नसल्याने त्यांचा इतिहास ठेवण्याची गरजही नाही. त्यांच्यासाठी दोन वेगळ्या डिस्क, दोन वेगळ्या घरांत, पावसाळ्यात हवाबंद डब्यात. प्रत्येक मूळ फाइलची शा-२५६ बेरीज, म्हणजे फाइलच्या आशयावरून संगणकाने काढलेला तिचा ठसा, नोंदीत लिहून ठेवलीत, तर दहा वर्षांनीही सिद्ध करता येईल की फाइल एका बिटानेही बदललेली नाही. सोबत एक छोटी स्क्रिप्ट लिहून घ्या: कुठल्या मूळ फाइलीला नोंद नाही आणि कुठल्या नोंदीला फाइल नाही, एवढंच सांगणारी. पायथॉन येणारा कोणीही एका संध्याकाळी लिहील. ती दर रविवारी चालवा.

रेपॉझिटरी, म्हणजे गिटमधलं हे सामायिक फोल्डर, खाजगीच ठेवा. भाडेपावतीवर नाव, खोली आणि सही असते, आणि पुनर्विकासात पात्रतेचे कागद हा नाजूक विषय आहे. लघु प्रतीतही सही वाचता येते. म्हणून ‘परवानगी’ हा मुद्दा फ्रंट मॅटरमध्ये सक्तीचा करा, आणि तो रिकामा असेल तर ती नोंद साइटवर जाणारच नाही अशी व्यवस्था ठेवा. देणाऱ्याला काय दाखवणार आहोत ते प्रीव्ह्यू उघडून प्रत्यक्ष दाखवा, तोंडी सांगून भागवू नका.

काम कुठून सुरू करायचं हे तुम्ही विचारलेलं नाही, पण माझं मन तिथेच अडकलं आहे. म्हाडाच्या पुनर्विकासात घरं रिकामी होत आहेत आणि शेजार पांगतो आहे. पावत्या डिस्कवर वर्षभर तशाच पडल्या तरी चालतील, त्यांच्यावरचं लिहिलेलं कुठे जात नाही. फोटोतल्या माणसांची नावं मात्र कुठेही लिहिलेली नाहीत. ती ऐंशी-पंच्याऐंशीच्या चार-पाच जणांच्या आठवणीत आहेत. म्हणून आधी फक्त फोटोंच्या नोंदी काढा: क्रमांक, लघु प्रत आणि खाली रिकाम्या चार ओळी. पॅनडॉकने त्याची पीडीएफ करा, एका पानावर एकच फोटो, अक्षर १८ पॉइंटांचं, आणि छापून येत्या रविवारी घरी न्या. लॅपटॉप उघडून समोर ठेवू नका, त्या पडद्यापुढे म्हातारी माणसं बोलायची थांबतात. कागद हातात द्या, त्यांना बोटाने दाखवू द्या, तुम्ही पेन्सिलने लिहा, मोबाइलवर आवाज रेकॉर्ड होत राहू दे. त्याच रात्री ती नावं नोंदीत चढवा, आणि ज्यांनी सांगितली त्यांची आद्याक्षरं शेजारी लिहा.